साबण न लागलेला चंबू

नाव : झिपरू तोताराम बडगुजर. मूळ गाव शिंदखेडा. पद : प्रयोगशाळा परिचर, वर्ग चार, जळगावचे एक महाविद्यालय. कर्तव्ये : काचेची भांडी धुणे, टाकाऊ जिवाणू कुकरमध्ये उकळून, मारून, मगच फेकणे. संशोधनातील सहभाग : निरंक.

१९९३ सालच्या सेवापुस्तकातली ही माहिती भांडी धुण्यापुरती तंतोतंत खरी आहे.

त्या वर्षी तिथल्याच प्राध्यापिका चौधरी मॅडम जळक्या ऑइलने माखलेली माती साफ करणारा जिवाणू शोधत होत्या. असा जिवाणू स्वतःच साबणासारखं काहीतरी तयार करतो. त्याने तेल फुटून पाण्यात मिसळतं आणि मग त्याला ते खाता येतं. पुस्तकांत असे जिवाणू भरपूर होते, मॅडमच्या चंबूंत तीन वर्षांत एकही नव्हता. मार्चअखेर काही दिसलं नाही तर पीएच.डी.चा विषय सोडा, असं मार्गदर्शकांनी सांगून टाकलं होतं. त्यातच एका चंबूचा कापसाचा बोळा पडला. म्हणजे बाहेरची भेसळ. मॅडमनी तो न बघताच धुवायला ठेवला.

आठ दिवसांनी चहा देताना झिपरूनाना सहज म्हणाले, "मॅडम, त्या बोळा पडेल चंबूले साबण लागनाच नही. निस्तं पानी टाकं, बठ्ठं तेल निंघी गयं."

मॅडमनी कप खाली ठेवला. "त्यातलं कुठंय, नाना?"

"फेकं."

"उकळून?"

नाना बाकीचे कप गोळा करू लागले. बावीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"खरं सांगा."

"गॅस संपी गयथा. जनरेटरमांगे तसंच टाकं. मेमो देतस का?"

"अहो, जिवंत असेल म्हणजे!" मॅडम हसल्याच.

आपल्या चुकीवर साहेबवर्ग हसतो, याची नानांना सवय नव्हती. मेमो तोंडी की लेखी, एवढंच त्यांनी पुन्हा विचारून घेतलं.

जनरेटरमागची जमीन वर्षानुवर्षं ऑइल पिऊन अशी झाली होती की पाणी टाकलं तर थेंब मोत्यांसारखे घरंगळत. मॅडमनी तांब्याभर पाणी ओतलं. ताटाएवढ्या एका जागी ते मुकाट मुरलं. तिथली चमचाभर माती त्यांनी उचलून तेल-पाण्याच्या नव्या चंबूत टाकली. दहा-बारा दिवसांत चंबूत फेस आला. मार्च संपायला तेव्हा चार दिवस होते.

प्रबंधात 'सदर जिवाणू परिसरातील मातीतून मिळाला' असं आहे. नानांचं नाव घालायचं तर गॅस संपल्याचंही लिहावं लागलं असतं, आणि त्याला नानांचीच हरकत होती. सेवापुस्तकातलं 'निरंक' कायम आहे.

जनरेटरमागे आता गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल आहे. वाळलेल्या गिलक्याने नाना चंबू घासतात.