चक्री फिरली का?

नानाकाकांनी काढलेल्या शेवटच्या रोलमध्ये एकही फोटो आला नाही.

छत्तीस वेळा क्लिक. छत्तीस वेळा काहीच नाही.

आज त्यांना जाऊन महिना झाला. माझे सख्खे चुलते. तासगावात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आज मी साताऱ्यात लग्नांचे फोटो काढून पोट भरते, ती सगळी त्यांचीच विद्या.

कॅमेरा जुना, पूर्ण मेकॅनिकल. आतून बघितलं की समोरच्या माणसाचे दोन चेहरे दिसायचे, रिंग फिरवून ते एकावर एक आणायचे.

"दोन नाकांचं एक झालं की दाब." झाला फोकसचा क्लास!

पण रोल भरायचा म्हटलं की हाच माणूस पूजेला बसल्यासारखा बसायचा. फिल्मचं टोक रिकाम्या रिळाच्या खाचेत. दोन्ही कडांची भोकं दातांवर. झाकण उघडं असतानाच एकदा लिव्हर ओढून बघायचा. मग झाकण लावून, डावीकडची चक्री हलकेच फिरवून आतली ढिली फिल्म ताणून घ्यायची.

आता लिव्हर ओढला की ती चक्री आपोआप उलटी फिरली पाहिजे. फिरली तर फिल्म सरकतेय. नाही फिरली तर तुम्ही हवेत फोटो काढताय.

"आन अडलं तर जोर करायचा न्हाई. फाटतंय. थांबायचं, उघडायचं, पयल्यापासनं भरायचं."

हे शहाणपण ठेच लागूनच आलं होतं.

काकांचं नवीन लग्न झालेलं. शिराळ्याकडच्या एका फौजीच्या लग्नाची ऑर्डर होती. नानांनी घाईत रोल भरला आणि चक्री बघितलीच नाही. अख्खं लग्न कोरं! फौजी तर तिसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेलासुद्धा.

नाना रिकाम्या हातानं त्यांच्या घरी गेले. खरं सांगितलं. शिव्या खाल्ल्या.

फौजी पुढच्या सुट्टीला आला तेव्हा नवरा-नवरीला स्टुडिओत बोलावून पुन्हा मुंडावळ्या बांधल्या. तोवर त्यांना पोर झालेलं. फोटो निघेपर्यंत ते रडकं पोर आमच्या काकूच्या कडेवर.

तेव्हापासून नियम. रोल नाना भरणार, चक्री काकू बघणार. ती "फिरली" म्हणाल्याशिवाय पहिला फोटो नाही.

भटजी घाई करतायत, नवरदेव घामाघूम झालाय, आणि नाना शांतपणे म्हणतायत, "आवं थांबा की, आमच्या मंडळींनी अजून सांगितलं न्हाई."

मांडव हसायचा. काकू लाजायची. पण चक्री बघितल्याशिवाय हलायची नाही.

यात एक गोष्ट झाली, जी आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नाही. काकू कायम कॅमेऱ्याच्या ह्या बाजूला राहिली.

फोटोग्राफरच्या घरात त्याच्या बायकोचा एक धड फोटो नाही. आधार कार्डावरचा आहे, पण तो बघून काकूच म्हणते, "ही कोन गं म्हातारी?"

हे नानांना शेवटी शेवटी लागलं. दिवाळीत मी पुण्याहून त्यांच्यासाठी एक रोल आणला. हातात घेऊन म्हणाले, "ह्यो अख्खा तुझ्या काकूचा."

त्यांचा हात तेव्हा लय थरथरायचा. मी म्हटलं, "मी भरून देऊ?"

"तुला कुनी शिकिवलं गं?"

रोल त्यांच्याच हातात ठेवला. मी साताऱ्याला परत आले.

मग फोनवर रोजचा रिपोर्ट. "आज धा झालं." "आज चोवीस." एक दिवस म्हणाले, "छत्तीस. संपला. आलीस की धुवायला ने."

मी गेले, पण ते गेल्यावर.

त्यांचं दिवसकार्य झाल्यावर कॅमेरा हातात घेतला. चक्री हलकेच फिरवून बघितली, ताण लागेना. लिव्हर ओढला, चक्री जागची हलेना. फिल्मला उजेड लागू नये म्हणून काळ्या पिशवीत हात घालून झाकण उघडलं. बोटांना लागलं, फिल्मचं टोक रिळाच्या शेजारी नुसतं पडलेलं. खाचेत गेलंच नव्हतं.

काकू पुढच्या सोप्यात बेदाणे निवडत होती. तिला कसं सांगावं कळेना.

"काकू, यात काहीच आलं नाही गं."

"ठावं हाय मला."

"ठावं हाय? अगं, मग चक्री?"

"न्हाई फिरली. तीन डाव भरला त्येनी. हात ऱ्हाईना. चौथ्या डावाला झाकण लावलं आन माज्याकडं बघितलं. काय म्हनू मी?"

"मग काय म्हणालीस?"

"फिरली म्हनलं."

उभ्या आयुष्यात काकूनं चक्रीबद्दल एकदाच खोटं सांगितलं.

मला आधी रागच आला. म्हटलं, "आणि छत्तीस वेळा तशीच बसलीस? रोज साडी बदलून?"

"बसले की. त्ये बघत हुते मला." हातातला बेदाणा तसाच धरून म्हणाली, "न्हाईतर जल्मभर निस्तं चक्री बघ, चक्री बघ. माज्याकडं कवा बघितलं हुतं गं इतकं?"

मग मात्र मला रडू आवरेना.

जरा वेळानं डोक्यात उजेड पडला. फिल्म सरकलीच नाही म्हणजे ती वापरलीच गेली नाही. सगळीच्या सगळी कोरी, डबीत शाबूत. नानांचाच रोल.

दुमडलेलं टोक कात्रीनं कापलं. खाच, दात, लिव्हर, झाकण, सगळं त्यांनी शिकवलं तसं केलं. काकूला म्हटलं, बस.

"आता कुनासाठी बसू?"

"माझ्यासाठी. मला तुझा फोटो पाहिजे."

हिरवी साडी नेसून आली. खुर्चीत बसली. मी दोन नाकांचं एक केलं, तेवढ्यात बाई उठून माझ्याजवळ!

"थांब. आदी लिव्हर वढ."

ओढला. वाकून बघितलं. बटण दाबून अजून एकदा ओढायला लावला.

"फिरली," म्हणाली, आणि जाऊन बसली.

फोटो काल धुवून आले. एक खाली टाकलाय. छान हसलीय, पण नजर बघा. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत काकू लेन्सकडे बघतच नाहीये. चक्रीकडे बघतेय.

नानाकाका, तुमचा रोल वाया गेला नाही. आता निवांत ऱ्हावा.

तुमच्या पुतणीचा नमस्कार.