कानाने वाचणारी आत्या

"आत्या सोमवारी गेली," एवढंच चुलतभावाच्या कार्डावर होतं. मी मनातल्या मनात वाचलं आणि वाटलं, आळंदीला गेली असेल. बायकोने विचारलं, "काय लिहिलंय?" तेव्हा मोठ्याने वाचलं... आणि 'गेली' कानावर पडलं तेव्हा कळलं. त्याला आता महिना होईल.

कुरुळीची माझी ही आत्या चाळिशीत साक्षरतेच्या वर्गाला जाऊ लागली. कानांवर हात ठेवणं म्हणजे माहीत नाही म्हणणं; ती मात्र माहीत करून घेण्यासाठी कानामागे तळवा धरायची. एकेक अक्षर मोठ्याने म्हणायची, स्वतःचाच आवाज ऐकायची आणि शब्द ओळखीचा निघाला की त्यालाच सांगायची, "व्हय, ह्यो तूच!" मी हसलो की म्हणे, "अक्षराला काना हाय न्हवं? मंग ऐकतंय की त्ये."

शेतमजुरी सोडून तिला कारखान्यात लागायचं होतं. चिंचवडला रंगाच्या एका लहान कारखान्यात बायका घेत होते. वाचता यायला हवं, एवढीच अट. मी सोबत गेलो. मुकादमाने एक बाटली पुढे केली. चिठ्ठीवर ठळक अक्षरांत छापलं होतं : विष. आत्याने कानामागे हात धरला. "वि... स. विस!" आणि खुशीत म्हणाली, "धा आन् धा, विस!" तिच्या जिभेवर ष नव्हताच, आणि तिच्या घरात विषाला विष कुणी म्हणत नसे, इख म्हणत. मुकादम म्हणाला, "बाई, वीस समजून कुणाला तरी पाजाल. घरी जा."

मी तिथेच भांडलो. ज्यांना जीव वाचवायचे आहेत त्यांनी मरणाऱ्याच्या भाषेत लिहावं, बाटलीवर इख छापावं, असं पत्रकही काढलं. ते आत्याला वाचून दाखवलं. "लई भांडलास लेका," ती म्हणाली. "पर त्येचं तरी काय चुकलं? माझ्या कानानंच दगा दिला." पत्रक पुण्यापर्यंत वाटलं गेलं. बाटल्यांवर विषच राहिलं आणि आत्या मजुरीलाच जात राहिली. वर्गाला बोलावलं की म्हणायची, "आता डोळं दुखत्यात..."

दहाव्याला तिच्या घरी गेलो. चुलीमागच्या उंच फळीवर, शेजारच्या पोरांचा हात पोचणार नाही असा, उंदरांच्या औषधाचा डबा होता. त्यावर कोळशाने, वाकड्या पण मोठ्या अक्षरांत, एकच शब्द लिहिलेला. नकळत मी कानामागे तळवा धरला आणि मोठ्याने वाचलं, "इख."

"व्हय, ह्यो तूच," म्हणायला आता तिथे कुणी नव्हतं.