टँकरबंदीला माझा जाहीर पाठिंबा

रविवारी सकाळी बिबवेवाडीहून आमची वातानुकूलित बस निघाली ती एका गावाचं पाणी वाचवायला. आमचे जावई निखिलराव यांच्या आयटी कंपनीने कर्मचाऱ्यांना सहकुटुंब श्रमदानाला धाडलं होतं. आमच्या कन्येला झोप पुरी करायची होती, म्हणून कुटुंब या नात्याने मी गेले. थेंबाचं चित्र असलेले टी-शर्ट मिळाले. माझा निखिलरावांना झाला असता, त्यांचा कोणालाच नाही.

बोपदेव घाट ओलांडून गावात पोचलो. टेकडीवर ओळीने ताली (उतारावर रचलेले दगड-मातीचे बांध) होत्या. घरटी एक माणूस राबून गावाने त्या स्वतः घातल्या होत्या.

"आदी माती वढ्याला जायची, आता हितंच ऱ्हाती," गावातल्या शालनबाई सांगत होत्या. निखिलराव एका तालीवर चढून फोटोला उभे राहिले. दोन दगड घरंगळले.

"सायेब, उतरा खाली. फोटू खालनं बी निघतो," शालनबाई म्हणाल्या. निखिलरावांचं श्रमदान ते दगड परत बसवण्यात संपलं.

दुपारी शाळेच्या ओट्यावर पिठलं, भाकरी आणि ठेचा. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. नंतर तिथेच गावाची सभा भरली. तालींमुळे पाणी वाढलं ते सर्वात आधी उताराच्या तळाशी असलेल्या तात्यांच्या विहिरीत. तात्या म्हणजे शालनबाईंचे यजमान. ते पाणी ते पुण्याच्या टँकरवाल्यांना विकू लागले आणि गावातला हातपंप पुन्हा कोरडा पडला. हे थांबवायचं की नाही, ते आज ठरणार होतं.

पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत, असं कोणीतरी म्हणालं. मी उठलेच. "शहराला एक थेंबही देऊ नका!" या वाक्यावर टाळ्या पडल्या. त्यामुळे मी ते पुन्हा म्हटलं.

तात्यांनी शांतपणे विचारलं, "ताई, तुमी पुन्यात कुठं ऱ्हाता?"

"बिबवेवाडीला."

"नळाला पानी कमी आलं, तर काय करता?"

"टँकर मागवतो. पण आमची सोसायटी आहे हो."

ओटा हसून लोळला. निखिलराव मोबाईलमध्ये शिरले. मी खाली बसले. इतकी लाज मला बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती.

तेवढ्यात शालनबाई उठल्या. नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "त्यांचं ऱ्हाऊ द्या. अवो, हीर (विहीर) आपली हाय, पर डोंगराला दगड समद्यांनी वाहिल्यात." आणि बंदीसाठी पहिला हात त्यांनीच वर केला.

बाकीचे हात भराभर वर आले. तात्यांचा आला नाही. वर आलेले हात त्यांनी एकेक करून मोजले. मग म्हणाले, "उद्यापास्नं मोटर बंद." माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

परतीच्या वाटेवर निखिलरावांना फोटोखाली काय लिहावं हे सुचत नव्हतं. मीही मदत केली नाही.

सोमवारी आमचे नळ कोरडे होते. जिना चढताना अध्यक्ष म्हणाले, "नेहमीचा टँकरवाला नाही म्हणतोय. खेड्यातले लोक फार शेफारलेत हो!" मी त्यांना कालची सभा सांगणार होते. तेवढ्यात खाली टँकरचा भोंगा वाजला. दुसरा कोणीतरी मिळाला होता. मी धावत वर गेले आणि पिंप, कळशी, पातेली, चहाचं भांडंसुद्धा भरून ठेवलं. पाणी गढूळ होतं. संध्याकाळपर्यंत पिंपाच्या तळाशी बोटभर माती बसली, अजून सभा न भरलेल्या कुठल्यातरी गावाची.