चार पाट आणि आठ चाकं

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सूतभरचा दिवस सुरू होई. गजर सव्वाचारचा असे, पण तो वाजायच्या आत उठून बंद करण्यात त्याला समाधान होतं. पावणेपाचला तो बेकरीच्या मागच्या दारात हजर. नऊपर्यंत पावाचे ट्रे रॅकवर चढवायचे आणि रॅक ढकलत टेम्पोपाशी न्यायचे. एकतीस वर्षं कारखान्यात मशिनं बसवलेल्या हातांना हे काम म्हणजे अपमान होता. तरीही तो एक ट्रे वाकडा लावत नसे.

सूतभर हे नाव कारखान्यातलंच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ‘सूतभर सरकव’, ‘सूतभर चुकलंय’ असं दिवसातून शंभर वेळा म्हणणाऱ्या फिटरला दुसरं काय नाव पडणार? निवृत्तीनंतर ते त्याच्या मागोमाग घरापर्यंत आलं.

बेकरीचा पगार घरखर्चासाठी नव्हता. तो गाडीसाठी होता. घराच्या पुढच्या अंगाला बारा फूट रुंदीचं गॅरेज होतं आणि त्याच्या बरोबर मधोमध एक जुनी, गोल बॉनेटची गाडी अकरा वर्षं उभी होती. मधोमध अशासाठी, की दोन्ही बाजूंनी सारखं काम करता यावं. दरवाजे त्याने स्वतः ठोकून सरळ केले होते. इंजिन काढून लेथवाल्याकडे टाकलं होतं. त्याच्या सिलिंडरचं बोरिंग झालं की गाडी चालणार, हे तो चार वर्षं सांगत होता.

मग बायकोचे गुडघे गेले. ती कपडे शिवायची. घर सगळं खाली आणि शिलाईची खोली तेवढी वर, तेरा पायऱ्या चढून. डॉक्टरांनी जिना बंद केला. मशिन खाली आणायचं, तर जागा एकच होती.

“गाडी भिंतीला लागली तर माझं टेबल बसतं,” बायको म्हणाली. “मी मोजलंय.”

“मोजलंस? कशाने?”

“माझ्या टेपने. तुमच्या टेपला हात लावायची सोय आहे का?”

त्याने पुन्हा मोजलं. तीन फूट. गाडी तीन फूट भिंतीकडे सरकली तर इकडे साडेसहा फूट मोकळे राहत होते. पण गाडी पुढे-मागे जाते, आडवी जात नाही. वळवून लावायची तर इंजिन नाही आणि वळायला जागाही नाही.

“महिनाअखेरपर्यंत सरकवतो,” तो म्हणाला. “नाही सरकली तर भंगारात घाल.”

रागात बोलला, पण बोलला. बायकोने ते मनावर घेतलं. तिने भंगारवाल्याला फोन करून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दहाला यायला सांगितलं. गिऱ्हाइकं परत जात होती, तिलाही इलाज नव्हता.

तर पाट घ्यायचं ठरलं. दुकानदार त्यांना डॉली म्हणे. प्रत्येक चाकाखाली एक, आणि त्या प्रत्येकाला सगळीकडे फिरणारी चार छोटी चाकं. गाडी त्यांच्यावर उभी राहिली की हवी तिकडे ढकलावी.

दुकानात तीन प्रकार होते. पहिला पायाने पंप मारायचा. तो टायरला दोन्हीकडून पकडून आपणच वर उचलतो.

“काका, हा घ्या. जॅक लावायला नको, वाकायला नको.”

“वाकायचं नसेल त्याने गाडी ठेवू नये,” सूतभर म्हणाला.

दुसऱ्याला रबरी चाकं होती, तळहाताएवढी. सूतभरने एक नखाने दाबून पाहिलं. “हे दबणार. उंचही आहे. गाडी उगाच जास्त उचलावी लागेल.”

तिसरा म्हणजे जाड पत्र्याचा पाट, खाली लोखंडाची दोन इंची चाकं. जमिनीपासून जेमतेम वर. वजन सगळ्यात जास्त घेणारा. सूतभरने तो उलटा केला, वेल्डिंग पाहिलं, प्रत्येक चाक फिरवून कानाशी धरलं, चारही पाटांची उंची पट्टीने तपासली. यात तास गेला. दुकानदार जेवून आला.

“जमीन कशी आहे तुमची?” त्याने विचारलं.

“मी स्वतः केलेली आहे,” सूतभर म्हणाला. त्यावर पुढे काय विचारणार? चार पाट रिक्षात चढले आणि बेकरीचा पहिला पगार संपला.

रविवारी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. मदतीला कधी नाही म्हणायचा नाही आणि तोंडही बंद ठेवायचा नाही. एकेक कोपरा जॅकने उचलून दोघांनी चारही पाट लावले. गाडी ऐटीत वर उभी राहिली.

“हं, लाव जोर.”

जोर लावला. गाडी बोटभर हलली, खट् वाजलं आणि थांबली. पुन्हा जोर. पुन्हा खट्, आणि आता मागेही येईना.

“भावोजी, हिला जायचं नाहीये.”

सूतभर पोटावर झोपला आणि बॅटरीने खाली पाहिलं.

बावीस वर्षांपूर्वी गॅरेजचा कोबा त्याने स्वतः घातला होता. पुढे पाय घसरू नये म्हणून गवंडी ओल्या सिमेंटवर दोरी दाबून चौकटी पाडतात. गवंड्याच्या चौकटी कामचलाऊ असतात. सूतभरने जाड दोरखंड दाबला होता, काटकोन धरून. बोटभर रुंद, दोन सूत खोल, सगळ्या खोलीभर, एकही रेघ वाकडी नाही. गल्लीतले लोक बघायला आले होते. आता सोळापैकी नऊ लोखंडी चाकं त्या रेघांत अडकून बसली होती.

“कोणी केलाय हो हा कोबा?” मेहुण्याने विचारलं.

“पहार आण.”

पहारेने उचकटून पाहिलं. एका रेघेतून निघालेली चाकं दुसरीत पडली. प्लायवूडचे तुकडे खाली घातले, तर चाकं फिरताना त्यांच्या कडेवरून उतरली आणि प्लायवूड मधोमध चिरलं. दुपारपर्यंत गाडी चार बोटं सरकली होती आणि तीही उलट्या बाजूला.

सोमवारी तो पाट परत करायला गेला. दुकानदाराने ओरखडे पाहिले.

“काका, वापरलेला माल कसा घेऊ? मी तुम्हाला विचारलं होतं, जमीन कशी आहे.”

सूतभरने पाट पुन्हा रिक्षात टाकले. दुसऱ्या पहाटे बेकरीत ट्रेचा रॅक ढकलताना त्याचं लक्ष खाली गेलं. फुटलेल्या फरशीवरून, नालीच्या जाळीवरून रॅक आवाज न करता चालला होता. रबरी चाकं. तळहाताएवढी. पाच आठवडे रोज ढकलत होता.

“काय काका, काय पडलं?” मुकादमाने विचारलं.

“काही नाही.”

त्या दिवशी त्याने एक ट्रे वाकडा लावला. मुकादमाने दाखवला तेव्हा तो मुकादमावरच खेकसला.

पाटांच्या बोल्टची भोकं रबरी चाकांना जुळत होती, हे त्याने मोजून ठेवलं. दुसरा पगार शेवटच्या शुक्रवारी मिळाला. तो तसाच दुकानात गेला. सोळा चाकं हवी होती. दुकानात आठच निघाली.

“बाकीची पुढच्या गुरुवारी येतील.”

“मला उद्या हवीत.”

“मग उद्या आठच आहेत, काका.”

शनिवारी खाडा करून सकाळी आठला तो गॅरेजात बसला. दोन पाटांना रबरी चाकं लावून झाली होती. समोर दोन पाट लोखंडी चाकांचे. बायको दारात खुर्ची टाकून काज करत होती. ती भंगारवाल्याबद्दल काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

मेहुणा आला. त्याने पाट मोजले. “दोन? म्हणजे अर्धी गाडी सरकवायची?”

“तोंड सांभाळ.”

“नाही, विचारतोय. पुढची अर्धी की मागची?”

सूतभर त्याच्यावर ओरडायला उठला आणि उभाच राहिला. कारखान्यात सहा टनांचं मशिन सरकवायला त्याने कधी चारही कोपऱ्यांना चाकं लावली होती? कधीच नाही. एक टोक जमिनीवर ठेवायचं, दुसरं फिरवायचं. मग ते टेकवायचं आणि पहिलं उचलायचं. असं एकेक पाऊल टाकत मशिन खोलीभर चालवायचं. एकतीस वर्षं हेच केलं होतं. दुकानात चार पाट एका रांगेत दिसले आणि चार घेऊन आला.

“पुढची,” तो म्हणाला. “आणि मग मागची. जॅक घे.”

पुढची चाकं पाटांवर चढली, मागची जमिनीवर. यावेळी ढकलल्यावर खट् वाजलं नाही. गाडीचं तोंड दीड फूट भिंतीकडे वळलं. जॅक लावून पाट काढले, मागे लावले, मागचा भाग ढकलला. पुन्हा पुढे. प्रत्येक फेरीला दोघांचा घाम गळत होता आणि सूतभर तोंडाने एकच गोष्ट बोलत होता, “दोनच लागत होते.”

“भावोजी, गाडी सरकतेय ना?”

“दोनच लागत होते रे.”

दहाला भंगारवाला टेम्पो घेऊन आला. तेव्हा गाडीचं तोंड भिंतीपाशी पोचलं होतं आणि मागचा भाग अजून फूटभर बाहेर होता.

“ही न्यायची ना, ताई?”

बायकोने सुई कापडात खोचली आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो गाडीखाली होता, फक्त पाय दिसत होते.

“थांबा जरा,” ती म्हणाली.

भंगारवाला वीस मिनिटं थांबला आणि शेवटच्या धक्क्याला स्वतःच हात लावून गेला. भिंत आणि गाडी यांच्यात चार बोटं अंतर उरलं. त्या बाजूची दारं आता उघडणार नव्हती. तिकडचं काम करायचं तर पुन्हा हा सगळा खटाटोप. सूतभरने ते पाहिलं आणि हात पुसले.

दुपारी मेहुण्याने मशिन आणि टेबल खाली आणलं. लेथवाल्याकडचं इंजिन होतं तिथेच राहिलं. बेकरीच्या दोन पगारांतून गाडीला एक नटही मिळाला नाही. त्यातून आले चार पाट, त्यातले दोन बिनकामाचे, आठ रबरी चाकं, आणि साडेसहा फूट कोबा. त्या कोब्यावर बायको संध्याकाळी बसून एका गिऱ्हाइकाच्या पँटची शिवण उसवत होती.