झेंड्यावरचं शीड

ख्रेस्टेनसारखा काटेकोर माणूस आमच्या मार्स्टल गावात दुसरा नव्हता. म्हणून तर मला त्याचा अजून राग येतो. महायुद्धात आमचा देश कुणाच्याच बाजूचा नव्हता. ते पाणबुड्यांना कळावं म्हणून आमच्या 'होबेट' जहाजाच्या दोन्ही कुशींवर भलामोठा झेंडा रंगवलेला होता. धक्क्याला घासून रंग जाऊ नये म्हणून बंदरात त्यावर जुनं शीड टांगायचं. टांगणारा ख्रेस्टेन, काढणाराही तोच.

"झेंड्याला अंगरखा चढवतोस, बायकोला कधी नवा झगा घेतलास का रे?" आमचा स्वयंपाकी लौरिट्स त्याला चिडवायचा. ख्रेस्टेनच्या बहिणीचा नवरा तो.

"दाजी, तुम्ही आपले वाटाणे ढवळा!"

सतरा सालच्या एप्रिलात नॉर्वेहून इंग्लंडच्या खाणींसाठी लाकूड भरून निघालो. वारा अचानक अनुकूल झाला, घाईघाईत दोर सोडले आणि डाव्या कुशीवरचं शीड तसंच राहिलं. सुकाणूवर मी होतो. वाकून बघायला हवं होतं, नाही बघितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डावीकडून पाणबुडीची तोफ कडाडली. पहिल्याच गोळ्याने स्वयंपाकाची खोली उडाली, लौरिट्ससकट.

"झेंडा दिसत नाही का मेल्यांना?" कप्तान ओरडले.

ख्रेस्टेन पांढराफटक पडला. "शीड! देवा, शीड राहिलं!"

सुरी दातांत धरून तो कठड्यावरून खाली लोंबकळला. दुसरा गोळा पाण्यात पडला. दोर ओले, लाट त्याला गळ्यापर्यंत बुडवतेय. "काप लवकर, नाहीतर सगळे मेलो!" मी बोंबलत होतो. तिसऱ्या गोळ्याने डोलकाठी मोडली. तेवढ्यात शीड गळून पडलं आणि तोफ थांबली.

जहाज काही वाचलं नाही. माल त्यांच्या शत्रूकडे चाललेला, म्हणून पाणबुडीवाल्यांनी आम्हाला उतरायला पाच मिनिटं दिली आणि सुरुंग लावून ते बुडवलं. पण आम्ही चौघे होडीत होतो, जिवंत.

"शिडाचं गावात कुणी बोलायचं नाही," कप्तान म्हणाले. आम्ही माना हलवल्या. ख्रेस्टेन मात्र गावात पाऊल टाकताच बहिणीच्या दारी गेला. "मारेन, माझ्यामुळे गेले दाजी. शीड मी काढलं नाही." काय गरज होती त्या गाढवाला!

मारेनने दार लावून घेतलं. पुढं अठरा वर्षं तो दर शनिवारी तिच्या अंगणात लाकडं फोडून रचायचा. ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

तो गेला तेव्हा मयताला सगळ्यांच्या आधी तीच आली. ढसाढसा रडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सांगायला तो एकटाच आला. तुम्ही बाकीचे कुठे होतात रे?"