सरळ काढलेला खांदा

चित्रात पात्रं काढायला शिकायचं तर समोर माणूस उभा हवा, आणि फुकटात तासभर उभा राहणारा माणूस फक्त घरातच सापडतो. खोडूच्या नशिबाने त्याची थोरली बहीण कॉस्प्लेवाली निघाली. म्हणजे आठवडाभर शिलाईच्या कारखान्यात शर्टांना कॉलर जोडायची आणि सुट्टीच्या दिवशी फोमचं चिलखत चढवून सेनापती, चेटकीण, मनात येईल ते व्हायची.

"एवढी घोडी झालीस, अजून सोंगं काढतेस?" शेजारच्या काकू विचारायच्या.

ताई पुठ्ठ्याची तलवार उगारायची. "काकू, चेटकिणीला चालेल असा नवरा बघा, लगेच सोडते!"

खोडू जितकं काढायचा त्याच्या दुप्पट खोडायचा, म्हणून त्याला हे नाव पडलेलं. तो ताईचे फोटो काढून त्यांवरून चित्रं करायचा. कापडाला चुणी कुठे पडते, पट्टा कमरेत कसा रुततो, हे फोटोतून उचलायचं. बाकीचं सेनापतीला शोभेल असं सुधारायचं. पोट आत, मान उंच, दोन्ही खांदे एका रेषेत. सुधारण्यात हात असा काही बसला, की आपण काय सुधारतोय हे बघणंच सुटलं.

मग ताईच्या हातून कात्री पडू लागली. कारखान्यात दोनदा बोलणी खाल्ली, तेव्हा कुठे ती डॉक्टरकडे गेली. मानेच्या मणक्यात गाठ निघाली.

"उजवा खांदा कधीपासून उतरलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाला असेल महिना."

"जुने फोटो असतील तर आणा. हातात किती ताकद परत येईल, याचा अंदाज येईल."

फोटोंना काय तोटा! खोडूने घरी येऊन तारखेप्रमाणे लावले. अकरा महिन्यांपूर्वीच्या चेटकिणीचा खांदा बोटभर खाली होता. पुढच्या फोटोत दोन बोटं. त्या दिवशी तो खेकसला होता, "ताई, नीट उभी राहा ना!"

"उभीच आहे रे गाढवा," ती म्हणाली होती. आणि त्याने कागदावर खांदा उचलून दिला होता.

डॉक्टरांनी फोनवर एकेक फोटो सरकवला. "ऑपरेशन करू, गाठ निघेल. पण शिलाईचं काम आता होणार नाही. तेव्हाच आला असतात तर गोष्ट वेगळी होती."

ताईने डाव्या हाताने फोन ओढून घेतला. चेटकिणीचा फोटो खोडूसमोर धरला.

"हे मला तेव्हाच का नाही दाखवलंस?"

"चित्र दाखवलं होतं," खोडू म्हणाला.