आबांचे दोन माईक

ड्रमसेटसमोर उभे राहिले की आबा आधी डाव्या कानात बोट घालत. मग उजव्या कानाने ऐकत सेटभोवती फिरत, मध्येच वाकत, मध्येच उकिडवे बसत. नवखा ड्रमर हसला की म्हणत, "हसतोस काय, वाजव. माईकला एकच कान असतो." आवाज जुळून आला तिथे खडूने फुली मारत. माईक तिथेच लागे.

करी रोडला चाळीच्या तळमजल्यावर त्यांचा स्टुडिओ होता. भिंतींना गोधड्या, आणि माईक दोनच. एक मोठ्या ड्रमपाशी, दुसरा फुलीवर. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. गावाहून आलो, पण नोकरी मिळेना. आबांनी ठेवून घेतलं. "अजून माईक नाहीत?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की ते दमल्या आवाजात म्हणत, "आहेत ते तरी नीट लावू दे, बाबा." झांजा फार चढल्या तर ड्रमरलाच सांगत, "बायकोवरचा राग झांजेवर काढू नको."

एकदा लालबागची पोरं रेकॉर्डिंगला आली. त्या दिवशी आबांनी उजव्या कानात बोट घातलं. मला खटकलं. रेकॉर्डिंग ऐकताना झांजा सुईसारख्या टोचत होत्या आणि आबा समाधानाने मान डोलवत होते.

"आबा, कान फाटतायत! दुसरीकडे जाऊ काय?" ड्रमर वैतागला.

आबांनी मला बाहेर बोळात नेलं. "उजवा कान गेला माझा. डाव्यालाही झांज नीट लागत नाय. आता तू फिर."

"मी? मला कुठे येतंय, आबा?"

"इतकी वर्षं माझ्या मागे फिरलास, ती काय देवळाची प्रदक्षिणा होती? बोट घाल."

मी फिरलो. ड्रमरच्या खांद्यामागे, जरा खाली, सगळं जुळून आलं. आबांनी स्वतःची फुली चपलेने पुसली आणि खडू माझ्या हातात दिला.

या वेळी झांजा जागेवर बसल्या. "आता कसं! आबा ते आबाच," ड्रमर म्हणाला.

आबा गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण ते म्हणाले, "मी नाय. ह्याने लावला. यापुढे हाच लावेल." आणि स्टुलावर बसून राहिले.

पुढे स्टुडिओ बंद करून ते कोकणात गेले. मी आता दादरला एका स्टुडिओत आहे. तिथे माईकांना तोटा नाही. फोनवर माझं बोलणं आबांना फारसं ऐकू येत नाही. मी तब्येत विचारतो, ते भलतंच विचारतात,

"फिरलास ना आधी?"

"फिरलो, आबा," मी ओरडून सांगतो.